एका पानाचा निबंध

संशोधकाच्या निबंधांना मिळालेले उल्लेख मोजणाऱ्या एच-निर्देशांकाचं गणित आज मांडायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण एका वाचकाचं पत्र. ते विचारतात, ‘औषधशास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांच्या नावावर शेकडो निबंध असतील, पण औषधशास्त्र न शिकलेल्या माणसानं त्यांतले कोणते वाचावेत?’ हा माझा आवडता प्रश्न आहे. माझं उत्तर आहे, दोन. त्यांतला पहिला जेमतेम एका पानाचा आहे.

तो फेब्रुवारी १९५८मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्याची पूर्वपीठिका आदल्या वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या टिपणात आहे. रेसर्पिन हे औषध दिलेले ससे निपचित पडतात. त्यांना एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागतात. शरीर डोपापासून आधी डोपामिन आणि त्यापासून नॉरॲड्रेनॅलिन बनवतं. म्हणून सगळ्यांची नजर नॉरॲड्रेनॅलिनवर होती. आर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उठलेल्या सशांचे मेंदू तपासले, तर नॉरॲड्रेनॅलिन अजून रिकामंच! मग ससे उठले कशानं? डोपामिन ही तोवर केवळ वाटेतली पायरी समजली जात होती. लुंडच्या या गटानं प्रकाशदीप्तीवरून ते मोजण्याची पद्धत बसवली आणि दाखवलं, की निरोगी मेंदूत डोपामिन नॉरॲड्रेनॅलिनच्या तोडीस तोड असतं, रेसर्पिननं ते नाहीसं होतं आणि डोपानं परत येतं. मेंदूत डोपामिन आढळल्याची नोंद इंग्लंडमध्ये के. ए. मॉन्टॅग्यू यांनी १९५७मध्येच केली होती, हेही इथं सांगायला हवं. पण ते तिथं काहीतरी काम करत असावं, हा तर्क सशांमुळे उभा राहिला.

हा निबंध येताच जग हललं, असं मुळीच झालं नाही. १९६०मध्ये लंडनच्या परिसंवादात कार्लसननी हे सारं मांडलं, तेव्हा हेन्री डेलसारख्या बुजुर्गांना ते पटलं नाही. मेंदूतल्या पेशी रसायनांच्या मदतीनं एकमेकींशी बोलतात, हेच अनेकांना मान्य नव्हतं.

दुसरा निबंध १९६३चा, मार्गिट लिंडक्विस्ट यांच्यासोबत लिहिलेला. शीर्षक रूक्ष, पानं पाच, नियतकालिक स्कॅण्डिनेव्हियातलं. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही स्किझोफ्रेनियावरची औषधं दिलेल्या उंदरांच्या मेंदूत डोपामिनसारख्या रसायनांचे विघटित अंश वाढतात, एवढंच निरीक्षण. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला : ही औषधं रसायन घेणारी दारं, म्हणजे रिसेप्टर, अडवत असावीत आणि म्हणून पेशी आणखी रसायन सोडत असावी. त्या वेळी डोपामिनचा रिसेप्टर कुणी प्रयोगशाळेत पकडलेलाही नव्हता. ते १९७०च्या दशकात झालं. या पाच पानांवर स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा पुढचा सगळा विचार उभा राहिला, आणि तरीही निष्कर्षाची भाषा किती सावध आहे! मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचतो.

आता उल्लेखांच्या मोजणीबद्दल माझी एक जुनी तक्रार. यूजीन गारफिल्ड यांची विज्ञान-निबंधांची संदर्भसूची १९६०च्या दशकात सुरू झाली. ती सांगते, कुणी कुणाचा आधार घेतला. पण एक पाऊलच सांगते. निबंधातलं सत्य सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, की त्याचा उल्लेख करण्याचं कुणाला कारण उरत नाही. आज डोपामिनवर लिहिणारा संशोधक १९५८चं ते पान क्वचितच उद्धृत करतो. अलीकडचा एखादा आढावा देतो आणि पुढे जातो.

त्या पानाच्या मागे तर आणखी पावलं आहेत. रेसर्पिन हे सर्पगंधेच्या मुळातलं द्रव्य, १९५२मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत वेगळं केलेलं. सर्पगंधेकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जल वकील यांच्या १९४९च्या निबंधानं. तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. रक्तदाबाच्या रुग्णांवर त्यांनी सर्पगंधा वापरली होती. त्याही आधी, १९३१मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिलं होतं, की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडतं. म्हणजे एकाच द्रव्याचे मेंदूवरचे आणि रक्तवाहिन्यांवरचे दोन्ही परिणाम त्यांनी एकत्र नोंदले होते. ते नियतकालिक युरोपातल्या किती ग्रंथालयांत पोचलं असेल? वकील यांचं नशीब यात वेगळं. त्यांचा निबंध लंडनमध्ये छापला गेला, आणि १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. कार्लसनचे ससे उठले तेच हे वर्ष.

कार्लसनना नोबेल मिळायला २००० साल उजाडलं. पण त्या वर्षी व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकेविच यांना का वगळलं, यावर दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं असतं, हे त्यांनी १९६०मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्यासाठी एक अख्खा भाग राखून ठेवला आहे. त्याआधी पुढच्या आठवड्यात एच-निर्देशांक, आणि उदाहरणाला वकील यांचा १९४९चा निबंध. एखाद्या लेखकानं आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि तो हजार ठिकाणी उद्धृत झाला, तरी त्याचा एच-निर्देशांक एकच भरतो. तो कसा, ते तेव्हा आकडे मांडून पाहू.