मापात जुळलेली मंडळी

टेबलं एकाला एक लावून मोठं रिंगण केलेलं असतं आणि त्यावर लेगोच्या ठोकळ्यांची यंत्रं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी एक चौकोनी टोपली. तिच्यात प्लॅस्टिकचे बोराएवढे चेंडू पडत राहतात. एखादं यंत्र ते सरकत्या पायऱ्यांवरून वर चढवतं, एखादं चाकातून फिरवतं, एखादं एकेक चेंडू नेमका झोक्यात टाकतं आणि सगळीच अखेर ते शेजाऱ्याच्या टोपलीत सोडतात. फेरी पूर्ण करून चेंडू पुन्हा पहिल्या यंत्राकडे येतात. या साखळीला ‘ग्रेट बॉल काँट्रॅप्शन’ म्हणतात. तिच्यातून काहीही उत्पादन होत नाही. तरीही लेगोच्या प्रौढ चाहत्यांच्या मेळाव्यांत माणसं तिच्याभोवती तासन्‌तास उभी राहतात.

मला स्वतःला त्या यंत्रांइतकंच नवल वाटतं ते त्यांच्यातल्या सांध्याचं. शेजारशेजारची दोन यंत्रं बनवणारे बऱ्याचदा वेगवेगळ्या गावांतून आलेले असतात आणि त्यांची पहिली भेट त्या टेबलापाशीच होते. यंत्रं मात्र जुळतात, कारण चाहत्यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी काही मोजके नियम ठरवून घेतले. टोपली बाहेरून दहा बाय दहा खुंट्यांची, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरच्या उंचवट्यांची, आणि दहा विटा उंच असावी. सरासरी सेकंदाला एक चेंडू घेता आणि पुढे देता यावा. चेंडू घाऊक सोडायचे असतील तर एका वेळी तीसपेक्षा जास्त नकोत. बाकी चेंडू कसा न्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. जपानच्या अकियुकीने या तेवढ्याशा चौकटीत जी यंत्रं घडवली, त्यांची चित्रफीत पाहताना यंत्रविद्येतली एकेक युक्ती डोळ्यांसमोर उलगडत जाते. एक यंत्र अडकलं की त्याच्या टोपलीत चेंडू साचतात, मग सांडतात. म्हणून मालक हाताशी जादा चेंडू आणि सुटे भाग घेऊन उभाच असतो. शेजाऱ्याचं यंत्र बंद पडलं तरी तोच आधी धावतो.

माप ठरवून घ्यायचं आणि बाकीचं मोकळं सोडायचं, ही सवय या मंडळींना ठोकळ्यानेच लावली असं मला वाटतं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि त्यातूनच पुढे लेगो कंपनी उभी राहिली. आजच्या ठोकळ्याच्या रचनेचा पेटंट अर्ज 28 जानेवारी 1958 चा: वर खुंट्या, आत पोकळ नळ्या. दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6, पातळ पट्टीची 3.2. ही मापं बदललेली नाहीत, त्यामुळे त्या काळातली वीट आजच्या विटेवर बसते. तीन पट्ट्यांची एक वीट होते, हे मुलांनाही कळतं. पाच पट्ट्यांची उंची म्हणजे 16 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांची रुंदी, हे मात्र मुरलेल्या चाहत्याला पाठ असतं. त्या हिशेबावर तो ठोकळे आडवे, उलटे, कुशीवर बसवतो आणि बाहेरून एकही खुंटी न दिसणारी भिंत उभी करतो.

काही जोड मात्र ही मंडळी ‘बेकायदा’ मानतात. दोन खुंट्यांच्या फटीत पट्टी उभी खुपसली की ती कागदावर बसायला हवी, प्रत्यक्षात प्लॅस्टिकवर ताण येतो. असा जोड पाहिला की जाणकार लगेच बोट ठेवतो. मला ही शिस्त आवडते. ठोकळा इजा न होता पुन्हा सुटा झाला पाहिजे, एवढाच तिचा आग्रह असतो.

या समाजाचा सर्वांत मोठा ठेवा कोणता असं विचारलं तर मी जेम्स जेसिमनचं नाव घेईन. या तरुण ऑस्ट्रेलियन माणसाने 1995 मध्ये ‘एलड्रॉ’ नावाची संगणकप्रणाली लिहिली. ठोकळ्यांची रचना पडद्यावर मांडायची आणि ती साध्या अक्षरी मजकुराच्या फाइलीत साठवायची, असं तिचं काम. त्याने ठोकळ्यासाठी स्वतःचं एककही बनवलं. एका खुंटीच्या विटेची रुंदी 20 एककं, उंची 24, पट्टीची 8. अपूर्णांकांची कटकटच मिटली. एका ओळीत भागाचा क्रमांक, रंग, जागा आणि तो कसा वळवला आहे हे लिहायचं. दोन बाय चार खुंट्यांची वीट म्हणजे 3001. दोनच वर्षांत, 1997 मध्ये, जेसिमन वारला. कामाला मालक उरला नव्हता, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी ते उचललं. आजही कोणी नव्या भागाची फाइल केली की इतर स्वयंसेवक तिची रेषन्‌रेष तपासतात आणि मगच ती संग्रहात जाते. पैसा कोणालाच मिळत नाही. त्या संग्रहात आता हजारो भाग आहेत.

सुटे भाग मिळवण्याची सोयही चाहत्यांनीच केली. डॅन येझेकने 2000 साली सुरू केलेल्या ‘ब्रिकलिंक’ या ऑनलाइन बाजारात एखादी विशिष्ट रंगाची बिजागरीसुद्धा सुटी मिळते. तिथले विक्रेते आणि मोठे संग्राहक ठोकळे रंगाने लावत नाहीत, आकाराने लावतात. काळ्या ढिगाऱ्यात काळी खुंटी शोधताना डोळे शिणतात, पण एकाच आकाराच्या रंगीबेरंगी ढिगात हवा तो रंग चटकन नजरेत भरतो. लेगो कंपनीने 2019 मध्ये हा बाजार विकत घेतला.

कंपनीशी या मंडळींचं नातं नेहमीच गोडीचं राहिलं असं नाही. 2004 च्या सुमारास, कंपनी मोठ्या तोट्यात असताना, दोन्ही करड्या रंगांची आणि तपकिरीची छटा बदलली. बाहेरच्याला तो फरक सांगूनही दिसायचा नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं करडे ठोकळे जमवून किल्ल्यांच्या भिंती उभारल्या होत्या, त्यांची नवी वीट जुन्या भिंतीत ठिगळासारखी दिसू लागली. चाहते खवळले आणि माझ्या मते ते बरोबर होते. माप जसं पाळलं, तसा रंगही पाळायला हवा होता.

पुढे कंपनीने चाहत्यांना जवळ केलं. ‘लेगो आयडियाज’मध्ये कोणाही चाहत्याच्या रचनेला 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, आणि ती बाजारात आली तर निव्वळ विक्रीचा एक टक्का त्याला मिळतो. एलेन कोईमन या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुचवलेला स्त्री वैज्ञानिकांचा संच 2014 मध्ये असाच आला. काही चाहते तर थेट कंपनीत गेले. जेमी बेरार्ड हा त्यांपैकी एक, आणि बेकायदा जोडांचे नियम चित्रांनिशी समजावून सांगणाराही तोच. त्याने रचलेली ‘कॅफे कॉर्नर’ ही कोपऱ्यावरची इमारत 2007 मध्ये आली. तिच्या कडेला शेजारची इमारत खिळीने जोडायची सोय होती. त्या मालिकेत पुढे बँक आली, चित्रपटगृह आलं, पुस्तकांचं दुकान आलं. सांध्याची जागा त्याच मापात राहिली, त्यामुळे चाहत्यांनी स्वतःच्या मनाने बांधलेली घरंही त्या रांगेत मधेच उभी राहू शकतात.