सही कोणत्या जिल्हाधिकाऱ्याची?

बोईसरचं एक घर डोळ्यांपुढे आणा. नवरा लष्करात, सध्या राजस्थानात. बायको सासूबाईंसोबत इथेच, तारापूर एमआयडीसीत नोकरीला. मूल दत्तक घ्यायचं दोघांनी ठरवलं, आणि नात्यात हे कळताच पहिला सल्ला आला, ‘‘अहो, ती सरकारी यादी कशाला? तुमचा नंबर लागेपर्यंत भावजींची दोनदा बदली होईल. गुजरातेत एका दवाखान्यात आपली ओळख आहे. बाळंतपण झालं की बाळ थेट घरी. स्टॅम्पपेपर करून टाकू.’’

हा सल्ला कितीही मायेनं दिलेला असो, तो ऐकू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८० नुसार ठरलेली पद्धत डावलून अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी संस्थेच्या स्वाधीन केलेलं मूल घेणं किंवा देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन बाळ घेतलं, तर कलम ८१ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि दवाखान्यातलं कुणी सामील असेल तर त्याला सात वर्षांपर्यंत. मला मात्र शिक्षेपेक्षा त्या बाळाच्या आईचं जास्त वाटतं. कायद्यानं ती बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करते, तेव्हा तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. स्टॅम्पपेपरवाल्या व्यवहारात तिला साठ मिनिटंही मिळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, घरच्या घरी दत्तक तर आपल्याकडे चालतच आलंय. खरं आहे. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. भाऊबंदकीतल्या या रीतीला १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं आजही जागा ठेवली आहे. सख्ख्या आईबापांनी स्वतः मूल द्यायचं आणि दत्तक आईबापांनी घ्यायचं. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, घेणाऱ्याच्या पत्नीची संमती हवी आणि एका पैशाचीही देवघेव नको. मुलगा असताना मुलगा आणि मुलगी असताना मुलगी या कायद्याखाली घेता येत नाही. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावं, कारण नोंदवलेला कागद असला की दत्तक कायदेशीर झाल्याचं न्यायालय गृहीत धरतं. नणंदेचं मूल इंदूरला असलं, तरी हा रस्ता मोकळा आहे. अनोळखी आईचं बाळ मध्यस्थामार्फत आणण्यासाठी मात्र तो नाही.

अनोळखी मुलासाठी रस्ता एकच, केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे ‘कारा’. नोंदणी ऑनलाइन होते, राज्यांचा पर्याय तिथेच द्यायचा. मग सामाजिक कार्यकर्ती घरी येते. कपाट, स्वयंपाकघर, पगाराची स्लिप हे सगळं ती पाहतेच. पण खरी भेट चहानंतर सुरू होते. ती सासूबाईंच्या शेजारी सरकते आणि विचारते, ‘‘मूल मोठं झाल्यावर त्याला सांगाल ना, की तू दत्तक आहेस?’’ सासूबाई सुनेकडे बघतात. या एका प्रश्नाचं उत्तर घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

हा गृह अध्ययन अहवाल तीन वर्षं चालतो. निरोगी तान्ह्या बाळासाठी वाट पाहणं सहज तेवढं, कधी त्याहूनही लांबतं. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तकविधानं झाली आणि यादीतली जोडपी त्याच्या कितीतरी पट आहेत.

फौजी घराची खरी परीक्षा फोन आल्यावर असते. बाळाची माहिती पोर्टलवर दिसली की ४८ तासांत ते राखून ठेवावं लागतं. नवरा नेटवर्क नसलेल्या चौकीवर असेल तर? म्हणून लॉगिन, पासवर्ड आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार आधीच बायकोकडे हवा. त्यानंतर ३० दिवसांत संस्थेत जाऊन, बाळाला भेटून, कागदांवर सह्या करायच्या असतात. रजा हवी ती तेव्हा, त्यामुळे युनिटमध्ये वरिष्ठांच्या कानावर आधीच घातलेलं बरं.

बाळ ओडिशातल्या संस्थेत असेल, तर आदेश कुणाचा? अनेकांना वाटतं, कोळगावच्या आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालावे लागतील. तसं नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात, आणि तेही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले. तोवर बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या घरी आलेलं असतं.

आणि बदली? पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बाळाची विचारपूस होते. मधेच बदली झाली, तर जुन्या संस्थेला आणि नव्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवायचं. पुढचा अहवाल तो नवा कक्ष करतो. नियमांत ही सोय लिहिलेलीच आहे. बदलीच्या भीतीनं चोरवाट धरणाऱ्यांपर्यंत ही एवढी गोष्ट पोचत नाही, याचं वाईट वाटतं.

आदेश हाती आला की युनिटच्या कचेरीत ‘पार्ट टू ऑर्डर’ करून मुलाचं नाव सेवापुस्तकात चढवून घ्या. पुढचे सगळे हक्क त्या नोंदीवर उभे असतात. एक वर्षाच्या आतलं मूल घेतलं, तर केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला १८० दिवसांची दत्तक रजा आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती अधिकाऱ्यांप्रमाणेच महिला जवानांनाही दिली. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहाऱ्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या वडिलांनाही अशा वेळी पंधरा दिवस मिळतात.

‘कारा’चा मोफत क्रमांक १८००-११-१३११ आहे. आणि ‘दवाखान्यात ओळख आहे’ असं कुणी सांगितलं, तर १०९८ फिरवा. कुठल्या तरी आईचे ६० दिवस त्या फोननं वाचतील.