पाणी मागणारा सेवक

आजचा आपला विषय आहे नम्र सेवकाचं मन. या विषयावर तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे. नम्र व्हा, सेवा करा, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. हे सगळं खरंच आहे, त्यात वाद नाही. पण आज मला या विषयाची एकच बाजू तुमच्यापुढे ठेवायची आहे, आणि ती मी एका म्हातारीकडून शिकलो.

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात आम्ही काहीजण पाथर्डीच्या बाजूला धान्य वाटायला गेलो होतो. एका घरी पिशवी दिली, प्रार्थना केली आणि निघालो. आजीबाई म्हणाल्या, “बसा की, च्या टाकते.” दूध नव्हतं, कोराच चहा होता. मी म्हटलं, “नको आजी, अजून चार घरं करायची आहेत.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमचं आम्ही घ्यायचं, अन् आमचं तुम्हाला चालत नाही व्हय?”

मी बसलो, चहा प्यालो. पण ते वाक्य काही पाठ सोडेना. मला वाटत होतं, मी सेवा करतोय. खरं तर मी फक्त देत होतो. आणि जो फक्त देतो त्याचा हात नेहमी वर असतो, घेणाऱ्याचा खाली. नम्रतेची खरी परीक्षा देताना होत नाही, घेताना होते. आज मला एवढंच सांगायचं आहे.

आता शास्त्राकडे वळू. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो. आपण नेहमी पाय धुणाऱ्या प्रभूकडे बघतो, आणि ते योग्यच आहे. पण जरा पेत्राकडे बघा. तो पाय मागे घेतो. त्याला हे सहन होत नाही. वरवर ही नम्रताच वाटते, नाही का? पण प्रभू त्याला स्पष्ट सांगतो की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. दुसऱ्याकडून घ्यायला नकार देण्यातही एक प्रकारचा ताठा असतो.

त्याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी विहिरीवर प्रभू दमून बसलेला आहे. शोमरोनी स्त्री येते. यहुदी माणसं शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. प्रभू तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करतो? उपदेशाने नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. जीवनाचं पाणी देणारा आधी स्वतः तहानलेला म्हणून तिच्यापुढे येतो. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, याचा अर्थ आपल्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो पाण्यासाठीच.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, याचं एक जिवंत उदाहरण घडून गेलं आहे. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, पण त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. नवऱ्याच्या घरात राहायचं, पण त्याच्या हातचं चालायचं नाही! हसू नका. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडील बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुऊन वाळवून घेत. सोवळं त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं होतं.

मग बदल कसा झाला? कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी स्वतःशीच विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळालं, तसं त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. क्रम लक्षात घ्या. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःवर हसत हसत लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांनी परक्यांची मुलं आपल्या घरात सांभाळली, ती सेवा मोठीच. पण माझ्या मते त्यांच्या सेवकपणाची सुरुवात दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या घोटभर पाण्यापासून झाली.

टिळकांचंही बघा. अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं 1831 मध्ये. शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत, या मिशनचे उपकार कुणी नाकारणार नाही. सिंथिया फॅरार बाईंनी नगरला मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. पण वर्षानुवर्षं एकच बाजू देणारी आणि दुसरी घेणारी राहिली, तर काय होतं? देणारा मायबाप होतो आणि घेणारा कायमचा लेकरू राहतो. टिळकांना हे सलत होतं. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे भाऊ म्हणून एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. आणि तुकारामांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. घेतलेलं मोकळेपणाने कबूल करणं, ही मोठ्या मनाची खूण आहे.

वारीत तुम्ही पाहिलं असेल, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. आधी हा वाकतो, मग तो. कुणी एकानेच वाकायचं, असं तिथे नसतं.

आणि आपल्या मंडळीत? ‘सेवक’ हा शब्दच आपण मानाचा करून टाकला. सेवकाला पहिली खुर्ची, सेवकाला हार, सेवकाचं ताट आधी. फिलिप्पैकरांच्या पत्रात ख्रिस्ताने दासाचं रूप धारण केलं असं सांगितलं आहे. दासाला हार कोण घालतं? हे मी तुम्हाला म्हणतोय, तसं स्वतःलाही म्हणतोय. हार माझ्याही गळ्यात पडलेत, आणि मला ते आवडलेत.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी सांगतो. ज्याला मदत करता, त्याच्या घरी बसून त्याच्या हातचं खा. तिथे फोटो काढू नका. दुसरी गोष्ट, वयाने, शिक्षणाने किंवा मानाने लहान असलेल्या माणसाने चूक दाखवली, तर ‘तुझं बरोबर आहे’ असं चारचौघांत म्हणा. जड जातं, करून बघा. आणि तिसरी, स्वतःची अडचण कुणाला तरी सांगा. ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ हे वाक्य आपण ऐकतो फार, म्हणतो कमी.

त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. पिशव्यांच्या यादीत ते लिहिलेलं होतं, पण तो फक्त एक अनुक्रमांक होता. पुन्हा गेलो, तर रिकाम्या हाताने जाईन आणि म्हणेन, “आजी, च्या टाका.”