प्रश्नमंजूषा स्पर्धा : माध्यमिक विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी?

आंतरशालेय प्रश्नमंजूषेची सूचना फलकावर लागली की वर्गात बहुधा एकच गोष्ट घडते. पहिल्या दोन-तीन क्रमांकांच्या विद्यार्थ्यांची नावे मुले आपणहून सुचवतात आणि उरलेली सगळी पुन्हा आपल्या कामाला लागतात. ‘आपले सामान्यज्ञान कच्चे आहे’ हा निवाडा त्यांनी कोणी न विचारताच स्वतःविरुद्ध दिलेला असतो. ज्या घरी वर्तमानपत्र येत नाही, जेथे पुस्तकांचे कपाट नाही, त्या घरातील मुलामुलींच्या मनात हा निवाडा विशेष घट्ट रुजलेला आढळतो. प्रश्नमंजूषा ही जन्मजात हुशारांची किंवा सुशिक्षित घरांची मिरास आहे, हा समज मात्र खरा नाही. पोहणे किंवा तबला वाजवणे जसे सरावाने येते, तसेच हेही येते. इयत्ता आठवीत सुरुवात केली तर दहावीपर्यंत चांगला संघ उभा राहतो आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने निवासी शाळेत आधीपासूनच हाताशी असतात. ही सुरुवात नेमकी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परंपरा थोडक्यात

भारतातील खुल्या प्रश्नमंजूषांचा आरंभ १९६७ साली कोलकात्यात नील ओ’ब्रायन यांनी घेतलेल्या स्पर्धेपासून मानला जातो. १९७२ पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रेडिओवरून घरोघरी ऐकू येऊ लागली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर सुरू झाला. आमच्या पिढीतील अनेकांनी तो शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून पाहिला आहे. परंतु हे सारे इंग्रजीतून चाले आणि त्यात दिसणारे स्पर्धक प्रामुख्याने मोठ्या शहरांतील असत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी ती पाहण्याची गोष्ट होती, भाग घेण्याची नव्हती.

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ हिंदीतून आले आणि हे अंतर काहीसे कमी झाले. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करीत. २०१९ साली त्यांनी याच कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे असे मला वाटते, कारण ज्ञान पद आणि पगार पाहून येत नाही, हे त्यातून एका वाक्यात समजते.

स्पर्धेचे स्वरूप

दूरचित्रवाणीवरील खेळ आणि शालेय प्रश्नमंजूषा यांत महत्त्वाचा फरक आहे. तेथे चार पर्याय समोर असतात आणि स्पर्धक एकटा असतो. शालेय स्पर्धेत बहुधा पर्याय नसतात आणि उत्तर संघाने द्यायचे असते. संघ दोन, तीन किंवा चार जणांचा असतो.

प्रथम सर्व संघांसाठी लेखी प्राथमिक फेरी होते. तीत साधारणतः वीस ते तीस प्रश्न असतात. काही प्रश्नांपुढे तारा छापलेला असतो. दोन संघांचे गुण समान झाल्यास त्या तारांकित प्रश्नांवरून निवड होते, म्हणून अशा प्रश्नांना अधिक वेळ द्यावा. प्राथमिक फेरीतून निवडलेले सहा ते आठ संघ मंचावर जातात. तेथे थेट प्रश्नांची फेरी असते. एका संघास उत्तर आले नाही तर प्रश्न पुढील संघाकडे जातो. याशिवाय चित्र व ध्वनी ओळखण्याची फेरी, ठरावीक वेळात अधिकाधिक उत्तरे देण्याची रॅपिड फायर फेरी आणि बझरची फेरी असते. बझरच्या फेरीत चुकीच्या उत्तरास बहुधा गुण वजा होतात. नियम प्रत्येक ठिकाणी थोडे बदलतात, तेव्हा सुरुवातीस सांगितलेले नियम संघातील एकाने लिहूनच घ्यावेत.

प्रश्न कसा उलगडतो

नवख्या विद्यार्थ्याला वाटते की उत्तर पाठ असेल तरच प्रश्न सुटतो. चांगला प्रश्न असा नसतो. त्यात अवघड धाग्यापासून सोप्या धाग्यापर्यंत एक उतरण असते. पुढील प्रश्न पाहा.

‘रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून या ठिकाणच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने येथे दान दिल्याचा शिलालेख आहे. नदीच्या नालाकृती वळणावरील हे ठिकाण १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडले. १९८३ पासून जागतिक वारसा असलेले हे ठिकाण कोणते?’

रॉबर्ट गिल हे नाव विद्यार्थ्याने कधी ऐकले नसेल, तरी बिघडत नाही. ‘चित्रांच्या प्रतिकृती’ म्हणजे चित्रे जागेवरून हलवता येणारी नाहीत, म्हणजे ती भिंतीवरची आहेत. वाकाटक म्हणजे विदर्भ आणि लगतचा प्रदेश, काळ सुमारे पाचवे शतक. मंत्री दान देतो म्हणजे बहुधा धार्मिक वास्तू. येथवर आलेला विद्यार्थी ‘नालाकृती वळण’ हे शब्द कानी पडण्याआधीच ‘अजिंठा’ म्हणेल. त्याने पाठ्यपुस्तकातील माहितीच वापरलेली असते, फक्त ती जोडून पाहिलेली असते. अशी जुळणी करता येणे, हीच प्रश्नमंजूषेची खरी विद्या होय. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत तर असेच प्रश्न बझरवर विचारले जातात आणि जो अवघड धाग्यावरच ओळखतो त्याला लाभ होतो.

पहिले सहा महिने

आरंभ पाठ्यपुस्तकांपासूनच करावा. बाजारातील जाड सामान्यज्ञानाची पुस्तके प्रथम घेऊ नयेत, कारण त्यांतील सुट्या तथ्यांना एकमेकांचा आधार नसतो आणि ती लवकर विस्मरणात जातात. सहावी ते दहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व विज्ञानाची पुस्तके चौकटी, नकाशे आणि चित्रांखालच्या ओळींसह वाचावीत. परीक्षेत न येणारा हाच मजकूर स्पर्धेत उपयोगी पडतो. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पुस्तके विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि मराठी विश्वकोशही तेथल्याप्रमाणेच महाजालावर विनामूल्य वाचता येतात. शाळेच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड असतील, तर त्यांचे कपाट कुलूपबंद राहू नये, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही ठेवावी आणि तीत विषयवार नोंदी न करता वस्तूवार किंवा स्थळवार नोंदी कराव्यात. उदाहरणार्थ, लोणार. भूगोलाच्या दृष्टीने ते उल्काघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचे पाणी खारे आणि अल्कधर्मी. जीवशास्त्राच्या दृष्टीने, जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले. चालू घडामोडींत, त्याच वर्षी रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश. इतिहासात, गावातील दैत्यसूदन मंदिर. एका पानावर पाच विषय आले की त्या पानावरून दहा प्रश्न निघतात, आणि मुख्य म्हणजे ते लक्षात राहतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न तयार करावेत. प्रत्येकाने आठवड्याला पाच प्रश्न लिहावेत आणि शनिवारी सायंकाळी ते इतरांना विचारावेत. प्रत्येक प्रश्नासोबत उत्तर आणि ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर आहे हे लिहिलेले असावे. ज्याने पाच प्रश्न तयार केले त्याचे पंचवीस संदर्भ वाचून झालेले असतात. वसतिगृहातील मुलांना येथे मोठा लाभ आहे. शहरातील विद्यार्थ्याला संघ जमवण्यासाठी शिकवणीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. आपल्या मुलांचा संघ मात्र रोज एकाच पंगतीत जेवतो.

संघातील कामाची विभागणी करावी. एकाने इतिहास व राज्यशास्त्र, दुसऱ्याने विज्ञान, तिसऱ्याने भूगोल व क्रीडा, चौथ्याने साहित्य, कला व चालू घडामोडी असा मुख्य भार घ्यावा. सर्वांनी सर्व वाचण्याचा हट्ट धरल्यास कोणाचेच नीट वाचून होत नाही. वृत्तपत्र रोज वीस मिनिटे वाचावे आणि एका बातमीचा मागोवा नकाशात घ्यावा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर वहीत महत्त्वाच्या नावांची इंग्रजी वर्णाक्षरे मराठी नावांशेजारी लिहावीत. अनेक प्रश्न अडतात ते अज्ञानामुळे नव्हे, तर ओळखीचे नाव अनोळखी उच्चारात कानी पडल्यामुळे.

मंचावरील शिस्त

उत्तर देण्यापूर्वी आपसांत कुजबुज करावी, पण उत्तर एकानेच द्यावे. बहुतेक ठिकाणी पहिले उच्चारलेले उत्तरच ग्राह्य धरतात. बझर दाबण्यापूर्वी प्रश्नाचा मोहरा कोणीकडे वळतो आहे हे ऐकावे. ‘या ग्रंथाचे लेखक’ विचारले आहेत, की ‘या लेखकाचा दुसरा ग्रंथ’, हे शेवटच्या तीन शब्दांत ठरते. उत्तर ठाऊक नसेल तरी थेट फेरीत गुण वजा होत नसल्यास तर्काने काही सांगावे. गप्प राहण्याने काहीच हाती लागत नाही. सहकाऱ्याचे उत्तर चुकले तर मंचावर त्याच्याकडे रागाने पाहू नये. आक्षेप असल्यास संदर्भासह, नम्रपणे आणि एकदाच नोंदवावा. मुलींना संघात ‘भरतीसाठी’ घेण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती मोडली पाहिजे. संघप्रमुखपद आळीपाळीने द्यावे आणि तो क्रम मुलींपासून सुरू करावा.

खरे काय, ते तपासणे

१४ एप्रिलच्या निमित्ताने वस्त्या-वस्त्यांत सामान्यज्ञान परीक्षा घेतल्या जातात. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्यांतील काही प्रश्न मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून उचललेले असतात. बाबासाहेबांच्या पदव्या किती, भाषा किती, याचे आकडे प्रत्येक संदेशात वेगळे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे सांगणे कर्तव्य वाटते की महापुरुषाविषयीचा आदर मोघम आकड्यांनी वाढत नाही. त्याऐवजी नोंदींवर उभे राहणारे प्रश्न विचारावेत. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. १९१५ सालची, पीएच. डी. १९२७ ची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम. एस्सी. १९२१ ची, डी. एस्सी. १९२३ ची. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात तो ग्रंथ आणि ती साक्ष, दोन्ही वाचता येतात. नववीच्या विद्यार्थ्याने तो खंड उघडून एक पान जरी पाहिले, तरी शंभर संदेशांपेक्षा अधिक मिळवले असे मी म्हणेन. जो विद्यार्थी आपल्या अत्यंत आदरणीय व्यक्तीविषयीचेही विधान तपासून घेतो, त्याला पुढे कोणी सहज फसवू शकत नाही. प्रश्नमंजूषेचे हे सर्वांत मोठे फलित मला वाटते. करंडक त्यानंतर येतो.

पालक व माजी विद्यार्थी यांस

पालकांची एक शंका नेहमीची असते : यात वेळ गेला तर दहावीच्या गुणांचे काय? वर सांगितलेला बहुतेक अभ्यास पाठ्यपुस्तकांचाच आहे. पुढे स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, हे उघडच आहे. तथापि केवळ नोकरीच्या आशेने मुलांना यात ढकलू नये. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘कितवा आलास?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणता प्रश्न तयार केलास?’ असे विचारावे. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. ते मुलाकडून समजून घेण्याने मुलाचा आत्मविश्वास वाढतो.

माजी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. बँकेत, रेल्वेत, रुग्णालयात, न्यायालयात काम करणारे आपण सारे महिन्यातून एका शनिवारी सायंकाळी शाळेत येऊन आपल्या क्षेत्रावरील वीस प्रश्न विचारू शकता. दूर असणाऱ्यांनी संदर्भासह लिहून पाठवावेत. चार बझर असलेली साधी पेटी बनवणे आपल्यापैकी एखाद्या वीजतंत्रीला सहज जमेल. एका दैनिकाची वर्षाची वर्गणी, एक मोठा भिंतीवरील नकाशा आणि एक चांगला शब्दकोश एवढ्यावर मंडळ सुरू होते. पहिल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीतच संघ बाद झाला तरी खचण्याचे कारण नाही. त्या फेरीतील न आलेले प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. पुढील शनिवारचा अभ्यास त्यातूनच तयार होतो.