रंगावर भाळा, पण लाकडाला विचारून!

समजा, दिवाळीची साफसफाई सुरू आहे. आईने तुम्हाला माळ्यावर चढवलंय. जुन्या गाद्या, तांब्याचा बंब आणि बंद पडलेला टेबल फॅन बाजूला सारल्यावर मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल हाताला लागतं. चादर काढून बघता तर ड्रम! एक नाही, चांगले चार. काकांच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला अख्खा किट. धूळ पुसल्यावर पिवळट पडलेला मोतिया रंग दिसतो. कधीकाळी तो पांढराशुभ्र असणार. जोडापाशी भेग गेलीय, काठाला टवके उडालेत.

खाली उतरेपर्यंत तुमच्या डोक्यात प्लॅन तयार असतो. हे जुनं सोलून टाकायचं, वर मस्त चमचमता रॅप चढवायचा, आधीचं आणि नंतरचं असं रील बनवायचं आणि पुढच्या गिगला मिरवायचं. प्लॅन वाईट नाही. जगभरातले हौशी ड्रमर हे करतात आणि थोडी चिकाटी असेल तर काम घरच्या घरीही जमतं. फक्त पत्ती हातात घेण्याआधी दहा मिनिटं थांबा. कारण नवा रॅप चुकला तर दुसरा आणता येतो, पण जुना एकदा सोलला की तो गेला तो गेलाच.

रॅप म्हणजे ड्रमचा शर्ट

ड्रमचं खरं अंग म्हणजे लाकडी शेल. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, गोल वळवून ते बनवतात. शेलला रंग देऊन घासूनपुसून चमकवायचं तर वेळ जातो. साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन ड्रम कंपन्यांनी त्यावर सोपा उपाय शोधला. सेल्युलॉइडचे मोत्यासारखे चमकणारे पत्रे थेट शेलवर गुंडाळायचे. दिसायला श्रीमंती, टिकायला दणकट आणि रंगकामापेक्षा झटपट. याच प्रकारच्या सेल्युलॉइडपासून तेव्हा कंगवे, जुन्या सिनेमांची रिळं आणि टेबल टेनिसचे चेंडूही बनत. हा मोतिया पत्रा अमेरिकेत चक्क टॉयलेट सीटवरही लागायचा. म्हणून तिकडचे वादक त्याला 'मदर ऑफ पर्ल'ऐवजी चेष्टेने 'मदर ऑफ टॉयलेट सीट' म्हणतात. पुढच्या वेळी कुणी आपल्या पर्ल फिनिशचा फार भाव खायला लागलं, तर ही माहिती खिशात असू द्या!

एका रंगाने केलेली कमाल

पण रंगाला कमी लेखू नका. 1963 साल. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार लंडनमधल्या ड्रम सिटी नावाच्या दुकानात नवा किट घ्यायला गेला. तोवर तो ब्रिटिश कंपनी प्रीमियरचा किट वाजवत होता. दुकानात त्याला काळा-करडा, लाटांसारखी नक्षी असलेला एक रॅप आवडला. नाव ब्लॅक ऑइस्टर पर्ल. तो रंग शिकागोच्या लडविग कंपनीचा होता, म्हणून किटही लडविगचा घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. बेस ड्रम 20 इंचांचा, टॉम 12चा आणि फ्लोअर टॉम 14चा. आजच्या मानाने छोटेखानीच.

पुढे 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये वाजवायला बसले, तेव्हाही रिंगोच्या पुढ्यात याच रंगाचा लडविग होता. बेस ड्रमवर कंपनीचं नाव ठळक दिसत होतं. सुमारे 7 कोटी 30 लाख लोक बघत होते. त्यानंतर लडविगच्या कारखान्याला मागणी पुरवता पुरवता नाकीनऊ आले. रिंगोचा 1963 चा तो पहिला लडविग किट डिसेंबर 2015 मध्ये लिलावात 20 लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला.

आता गंमत बघा. रिंगो भाळला रंगावर, पण त्याच्या पदरात पडलं ते रंगाच्या आतलं लाकूड. त्या काळच्या लडविगचे शेल तीन थरांचे आणि पातळ. गोल आकार टिकावा म्हणून आतून दोन्ही काठांना लाकडी कडी बसवलेली. पातळ शेल, आतली कडी आणि किंचित गोलसर घासलेले काठ, यातून तो ऊबदार, थोडा दबका 'थड्' येतो. आज लोक ज्याला विंटेज साउंड म्हणतात, तो मुख्यतः हाच. रॅप तिथे फक्त शर्टाचं काम करतो.

सोलण्याआधी आत डोकवा

म्हणून माळ्यावरचा ड्रम मिळाला की पहिल्यांदा बाहेरून नाही, आतून बघा. पान काढा आणि टॉर्च मारा. कंपनीचा बॅज कसा आहे, त्यावर नंबर आहे का, आतला रंग कोणता, कुठे शिक्का आहे का, याचे फोटो काढा. 1960 च्या दशकातल्या अनेक लडविग शेलमध्ये आतल्या बाजूला लाल शाईने तारखेचा शिक्का असतो. आतून स्वच्छ दिसावं म्हणून कुणी उत्साहाने पॉलिश पेपर फिरवला, की ड्रमचा जन्मदाखलाच पुसला जातो!

किट खरंच अशा नावाजलेल्या कंपनीचा आणि त्या काळातला निघाला, तर रॅप कितीही पिवळा असू दे, सोलू नका. संग्राहक मूळ रॅपलाच मोल देतात. टवके उडालेला अस्सल रॅप हा चकचकीत नव्या रॅपपेक्षा महाग ठरतो. ओलसर मऊ फडक्याने धूळ पुसा, नवी पानं घाला, वाजवा. झालं काम.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, तेव्हा नीट वाचा. जुने रॅप बऱ्याचदा सेल्युलोज नायट्रेटचे असतात आणि ते भयंकर ज्वलनशील असतं. ओळखायची एक घरगुती खूण आहे. रॅपचा आतला कोपरा बोटाने जोरात घासा आणि वास घ्या. देवघरातल्या कापराचा वास आला, तर सावध व्हा. सेल्युलॉइड बनवताना कापूर घालतात, त्याचाच हा वास. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. जुन्या रॅपवर हीट गन नको, ग्राइंडर नको, जवळपास सिगारेट तर नकोच नको. इंटरनेटवरच्या व्हिडिओत कुणी बिनधास्त हीट गन फिरवताना दिसेल. त्याचा रॅप नव्या प्लॅस्टिकचा असू शकतो, तुमचा कदाचित नसेल.

मग हात कशावर साफ करायचा?

सेकंडहँड मिळणाऱ्या साध्या, अलीकडच्या, बिनानावाच्या किटवर. त्यांचे रॅप बऱ्याचदा फक्त जोडापाशी चिकटवलेले असतात, त्यामुळे पटकन निघतात. चुकलं तरी इतिहास बुडत नाही. सुरुवात सगळ्यात छोट्या टॉमपासून करा.

1. सगळं सामान सुटं करा. लग, म्हणजे पान ताणणाऱ्या स्क्रूंची घरं, स्क्रू, वायसर, बॅज. प्रत्येक ड्रमचं सामान वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. रात्री अकरा वाजता एक वायसर कमी पडला की या सल्ल्याची किंमत कळते.

2. जुना रॅप पत्तीने हळूहळू उचला. लांबी भरायला रंगारी जी रुंद पत्ती वापरतात, तीच. पत्ती जवळजवळ आडवी धरा, उभी धरली तर लाकडाचा थरच उचकटून येईल. मग शेल बाहेरून हलक्या हाताने घासा, खड्डे भरा, धूळ पूर्ण पुसा. बाहेर राहिलेला एक खडासुद्धा रॅपखालून पिंपलसारखा दिसतो.

3. माप घ्या. इथे शाळेतला पाय कामाला येतो. 14 इंची ड्रमचा घेर 14 गुणिले 3.14, म्हणजे जवळपास 44 इंच. त्यात एकावर एक चढणाऱ्या जोडासाठी इंचभर मिळवा. पण सूत्रावर आंधळा विश्वास नको, शेलभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खात्री करा.

4. रॅपची जाडी तपासा. पान शेलवर सैलसर बसलं पाहिजे. रॅप जाड निघाला तर पान अडकतं आणि मग ड्रम सुरात लागायचं नाव घेत नाही. रॅपची कड शेलच्या काठापेक्षा किंचित खाली ठेवा. पान लाकडावर टेकलं पाहिजे, प्लॅस्टिकवर नाही.

5. चिकटवण्यासाठी ताकदीची दुहेरी टेप किंवा सनमायकाला वापरतात तो रबरी गोंद. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून एकट्याने करू नका. एकाने शेल फिरवायचा, दुसऱ्याने रॅप ताणून धरायचा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा. या गोंदाची वाफही पेट घेते.

6. भोकं सगळ्यात शेवटी. आतून, शेलच्या जुन्या भोकातून बारीक ड्रिल घालून रॅपवर खूण करा आणि मग बाहेरून धारदार बिटने भोक पूर्ण करा. रॅपचा जोड प्रेक्षकांकडे नाही, आपल्याकडे येईल असा ठेवा.

ओट्यावरची परीक्षा

नवा रॅप चढला, फोटो झकास आले आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यासारखा, असं होऊ शकतं. कारण बहुतेक वेळा काठात असतं. शेलच्या ज्या कडेवर पान टेकतं, ती सपाट हवी. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा आधी सपाट आहे का ते पट्टीने बघा. मग आईची परवानगी काढून शेल त्यावर उपडा ठेवा, आत टॉर्च लावा आणि घरातले दिवे बंद करा. जिथून खालून उजेड झिरपतो, तिथे काठ खोलगट आहे. पान तिथे नीट टेकणार नाही आणि किती पिळलं तरी सूर हलत राहील.

काठ पुन्हा कापणं हे राउटरचं काम आहे. ते पहिल्याच प्रयत्नात स्वतः करू नका, चांगला सुतार गाठा. त्याला सांगताना शब्द जपून वापरा. 45 अंशांची टोकदार कड मागितली तर आवाज मोकळा आणि तीक्ष्ण येईल, गोलसर मागितली तर जुन्या रेकॉर्डसारखा मऊ.

हे जमलं की पुढची पायरी म्हणजे कोरा शेल आणून शून्यापासून ड्रम बांधणं. तिथेही गणित तेच. सहा लग असतील तर प्रत्येकी 60 अंशांवर, आठ असतील तर 45, दहा असतील तर 36. जुन्या धाटणीचा आवाज हवा असेल तर पातळ शेल, आतून कडी, खरबरीत पांढरी पानं आणि बेस ड्रमच्या पानामागे फेल्टची एक पट्टी. रंग कोणता, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आणि तेव्हा मात्र खुशाल रिंगोसारखं मन जिथे अडकेल तो रंग घ्या.

आता पुन्हा माळ्यावरच्या त्या चार ड्रमकडे या. समजा ते कोणत्याही बड्या कंपनीचे नाहीत. बॅज गायब, शिक्का नाही, वासही नाही. मग सोलायला हरकत नाही? थांबा, एक फोन बाकी आहे. काकांना बोलवा. टॉमच्या काठावरचा तो टवका कुठल्या गावच्या जत्रेत, टेम्पोतून उतरवताना उडाला, हे फक्त त्यांनाच ठाऊक असेल. काका म्हणाले, ''अरे, कर की नवा!'' तर बिनधास्त करा, जुन्या रॅपचा एक तुकडा त्यांच्यासाठी कापून ठेवा. आणि ते काहीच न बोलता नुसता हात फिरवत बसले, तर पत्ती खाली ठेवा. नवी पानं आणा, काठ्या त्यांच्या हातात द्या आणि आधी त्यांना वाजवू द्या.