प्रवासाची आंखणी



दिवाळीची सुटी जवळ आली, कीं आमच्या धामणगांव बढ्यांत कोणी ना कोणी कागदाचा एक तुकडा घेऊन माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "गुरुजी, एवढें जरा पाहून द्या." कागदावर गांवांच्या नांवांची लांबलचक रांग असते : अजिंठा, वेरूळ, लोणार, शेगांव, चिखलदरा, ताडोबा आणि जमलें तर महाबळेश्वर. खालीं लिहिलेलें असतें : दिवस चार, माणसें सात, त्यांत आजी एक व मुलें दोन. मी पेन्सिल घेऊन एकेक नांव खोडूं लागतों, तसतशी येणाऱ्याची मुद्रा उतरूं लागते. हें खोडणें कां अवश्य आहे, हेंच आज मला सांगावयाचें आहे. प्रवासाची आंखणी म्हणजे काय काय पाहावयाचें याची यादी नव्हे; काय काय सोडावयाचें याचा निर्णय, हीच खरी आंखणी होय.

हें शहाणपण मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मीं सातवीच्या मुलांची सहल अजिंठ्यास नेली होती. बस ठरविली, शिदोरी बांधली, पालकांच्या सह्या घेतल्या, औषधांची पेटीही बरोबर घेतली. सर्व कांहीं झालें. एक वार मात्र पाहावयाचा राहिला. आम्हीं गेलों तो सोमवार होता आणि सोमवारीं अजिंठ्याचीं लेणीं बंद असतात. बंद फाटकासमोर शेंगदाण्याची चटणी आणि पोळी खाऊन आम्ही परत फिरलों. एका मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, चित्रांनाही सुटी असते का?" इतर मुलें हंसलीं, मला हंसूं आलें नाहीं. त्यांतील बहुतेकांच्या आईबापांनीं सहलीची वर्गणी कापूस वेचणीच्या मजुरींतून दिली होती. त्या वर्षीं दुसरी सहल निघूं शकली नाहीं आणि पुढच्या वर्षीं तीं मुलें आमच्या शाळेंत नव्हतीं. चूक सर्वस्वीं माझी होती, आणि ती पैशानें भरून निघण्यासारखी नव्हती.

म्हणून आंखणीचा पहिला नियम असा, कीं नकाशा उघडण्यापूर्वीं पंचांग उघडावें. अजिंठा सोमवारीं बंद, वेरूळ मंगळवारीं बंद. शेगांवीं गुरुवारीं व एकादशीस दर्शनाची रांग लांब. सिंदखेड राजास १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवाची अलोट गर्दी. उत्सवासाठींच जावयाचें असेल तर त्या दिवशीं अवश्य जावें. वास्तु पाहावयाची असेल तर दुसरा दिवस निवडावा.

दुसरा नियम हिशेबाचा आहे. लोक अंतर किलोमीटरांत मोजतात. प्रवास मात्र दिवसाच्या उजेडांत मोजावा. जानेवारींत आपल्याकडे सात वाजण्याच्या सुमारास सूर्य उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातीं अकरा तास आले. त्यांतून जेवणखाण, चहा आणि विश्रांति यांचे दोन तास वजा करा. वाटेचे चार तास वजा करा. कारण घाटाच्या व तालुक्याच्या रस्त्यावर, वाटेंत बैलगाड्या, शेळ्या आणि बाजारचीं माणसें असतां, ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक सरासरी मीं तरी धरीत नाहीं. उरले पांच तास. एवढ्या वेळांत एक मोठें स्थळ नीट पाहून होतें. दोन पाहूं म्हणणारा दोहोंचींही केवळ प्रवेशद्वारें पाहून येतो.

आतां हाच हिशेब आपल्या मुलखावर लावून पाहूं. आमचा बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेनें दुभागलेला आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट काळी जमीन, तिला आम्ही घाटाखालचा भाग म्हणतों. दक्षिणेस पठार, तो घाटावरचा. धामणगांव घाटाखालीं, डोंगराच्या पायथ्याशीं आहे. चार दिवसांत या दोन्ही भागांची एक सुरेख प्रदक्षिणा होते आणि गेलेल्या रस्त्यानें परत यावें लागत नाहीं.

पहिला दिवस अजिंठ्याचा. तेथें आपली मोटार फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवावी लागते आणि पुढचे सुमारें चार किलोमीटर तेथील बसनें जावें लागतें. हा वेळ हिशेबांत धरावा. वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कड्यांत, सुमारें तीस लेणीं खोदलेलीं आहेत. सर्वांत जुनीं इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, तर पुष्कळशीं पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या काळचीं. १८१९ च्या एप्रिलांत शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडलीं आणि बाहेरच्या जगास त्यांची वार्ता कळली. तीसही लेणीं पाहण्याचा हट्ट धरूं नये. चित्रांसाठीं १, २, १६ आणि १७. जुन्या चैत्यासाठीं १०. शिल्पासाठीं १९, आणि निजलेल्या बुद्धाच्या भव्य मूर्तीसाठीं २६, एवढीं पुरेत. उन्हांतून आंत शिरल्यावर पहिलीं तीन-चार मिनिटें कांहींच दिसत नाहीं. घाई करणारा तेवढ्यांतच बाहेर पडतो. तेथें स्वस्थ उभें राहावें. डोळे अंधारास सरावले, म्हणजे भिंतींतून एकेक मुद्रा हळूहळू पुढें येऊं लागते. आजीस पायऱ्या झेपत नसतील, तर डोलीची चौकशी करावी.

संध्याकाळच्या आंत अजिंठ्याचा घाट चढून पठारावरून बुलढाण्यास यावें व मुक्काम करावा. दुसरे दिवशीं सकाळीं, ज्यांना वनांची आवड असेल त्यांनीं बुलढाणा व खामगांव यांच्या दरम्यानचें ज्ञानगंगा अभयारण्य आपल्या यादींत घालावें. परंतु मग सिंदखेड राजासाठीं आणखी एक दिवस वाढवावा. हें सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें कोरडें, पानगळीचें जंगल आहे. अस्वलें, बिबटे, नीलगाई ही येथील वस्ती. येथें वाघ नव्हता. २०१९ च्या डिसेंबरांत मात्र एक तरुण वाघ यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून, तेलंगणा व मराठवाड्याच्या शेतांशिवारांतून, सुमारें १३०० किलोमीटर चालून येथें आला. त्याच्या गळ्यांत संदेश पाठविणारा पट्टा होता, म्हणूनच त्याची वाट कळली. दिवसा तो झुडपांत अथवा ओढ्यांत दडे व रात्रीं चाले. वाघाचा हा क्रम वाघासच शोभतो. मोटार हांकणाऱ्या माणसानें नेमका याच्या उलट क्रम ठेवावा. हें मी थट्टेनें म्हणत नाहीं, तें कां तें आतांच सांगतों.

ज्यांना वनांत जावयाचें नाहीं, त्यांचा दुसरा दिवस सिंदखेड राजाचा. बुलढाण्याहून चिखली व देऊळगांव राजा या वाटेनें तेथें जातां येतें. १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाऊंचा जन्म जेथें झाला, तो लखुजी जाधवरावांचा राजवाडा, त्याचें उंच प्रवेशद्वार, मोती तलाव, पुतळाबारव आणि लखुजींची भव्य समाधि, हीं सर्व पायीं फिरून पाहण्याजोगीं आहेत. १६२९ मध्यें दौलताबादेस निजामशाहीच्या दरबारांत लखुजींचा घात झाला. त्यांच्या समाधीजवळ २०२४ सालीं पुरातत्त्व खात्याच्या खोदकामांत शेषशायी विष्णूची एक सुंदर मूर्ति निघाली. जुन्या गांवाच्या मातीखालीं अजून काय असेल, याची कल्पना मुलांना करूं द्यावी. इतिहासाचा तोच उत्तम पाठ होय.

याच गांवाजवळून नागपूर-मुंबईचा समृद्धि महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. त्यावर ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत जाण्याची मुभा असल्यामुळें, हल्लीं माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर "रात्रीं निघूं, सकाळीं पोहोंचूं, एक दिवस वांचेल" असें वाक्य हटकून असतें. तें मी सर्वांत आधीं खोडतों. १ जुलै २०२३ च्या रात्रीं, दीडच्या सुमारास, नागपुराहून पुण्याकडे निघालेली एक प्रवासी बस सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर उलटून पेटली आणि २५ माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघाताच्या कारणांविषयीं निवाडा करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु मध्यरात्रीनंतर मनुष्याच्या देहास झोंपेची ओढ अनावर होते, आणि सरळ, एकसुरी रस्ता ती ओढ वाढवितो, हें सर्वमान्य आहे. ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगानें मोटार एका सेकंदांत २७ मीटरांहून अधिक जाते. डुलकी तीन सेकंदांची म्हटली, तरी ८० मीटर मोटार कोणीच हांकीत नसतें. म्हणून घरच्यांनीं हा नियमच करावा : दिवे लागणीच्या वेळीं मोटार मुक्कामावर उभी असली पाहिजे, आणि दर दोन तासांनीं हांकणाऱ्यानें खालीं उतरून पाय मोकळे केले पाहिजेत.

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम लोणारास. तिसरा दिवस उजाडतांच सरोवराच्या कांठावर जावें. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या बेसाल्ट खडकांत पडलें. त्याचें वय पूर्वीं पन्नास हजार वर्षांच्या आसपास समजत. पुढें आर्गॉन वायूवर आधारलेल्या मापनानें तें ५ लाख ७० हजार वर्षांच्या घरांत जातें असें दिसून आलें. तळाशीं खारें, अल्कधर्मी पाणी. कांठावर गोड्या पाण्याची धार. मधल्या उतारावर जंगल आणि जुनीं देवळें. जून २०२० मध्यें पाणी गुलाबी झालें, तें मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें, असें तपासांत ठरलें. त्याच वर्षीं या सरोवराचा जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत समावेश झाला. खालीं उतरावयाचें तर सकाळींच उतरावें, वाटेची स्थिति स्थानिक माणसांना विचारावी, पायांत घट्ट जोडे व जवळ पाणी असावें. कारण उतरणें सोपें, चढणें दुपारच्या उन्हांत कठीण. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरींव देऊळ परततांना पाहावें.

तेथून मेहकरास १८८८ सालीं सांपडलेली शार्ङ्गधर बालाजीची, सुमारें अकरा फुटांची अखंड मूर्ति पाहून, खामगांवावरून शेगांवीं मुक्कामास जावें. चौथा दिवस गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाचा आणि विसांव्याचा. २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं महाराज शेगांवीं प्रथम दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजीं त्यांनीं समाधि घेतली. भाविक नसणाऱ्यानेंही तेथील स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. दुपारीं निघून नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुति रस्त्यावरूनच पाहिला, कीं दिवस मावळण्यापूर्वीं आपण घाटाखालीं, आपल्या घरीं.

ऋतूविषयीं थोडेंसें. आमच्याकडील उन्हाळा प्रवासास अयोग्यच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हिरवळ पाहावयाची असेल तर सप्टेंबरचा अखेर, मात्र घाटांत निसरडें असतें. निघण्यापूर्वीं चाकांतील हवा, जादा चाक, ब्रेक व दिवे तपासून घ्यावे. मुक्कामाच्या जागा आधीं ठरवाव्या. पिण्याचें पाणी, औषधें आणि मुलांसाठीं चुरमुऱ्यांचा डबा हातांशीं असावा. शेवटचा नियम असा, कीं चार दिवसांच्या प्रवासास पांच दिवसांची रजा असावी. वाटेंत चाक पंक्चर होतें, आजीची तब्येत बिघडते, अथवा एखादी जागा इतकी आवडते, कीं तेथून पाय निघत नाहीं. तो पांचवा दिवस या सर्वांसाठीं ठेवावा. उरला तर घरीं कपडे धुण्यास उपयोगीं पडतो.

वेरूळ, चिखलदरा, ताडोबा राहिले, असें कोणी म्हणेल. राहूं द्यावे. पुढच्या दिवाळीसही कांहीं हवेंच. माझ्या त्या सातवीच्या वर्गांतील कित्येक जण आज गांवांतच आहेत, आणि त्यांतील कांहींनीं अजिंठा अद्याप पाहिलेला नाहीं. आतां त्यांचीं मुलें कागद घेऊन येतात. मी चष्मा लावतों, पेन्सिल घेतों आणि इतर कांहीं वाचण्यापूर्वीं अजिंठ्यासमोर कोणता वार लिहिला आहे, तेवढा पाहतों.