दुखत नाही? मग आधी दाखवा!

अप्रेझल, ईएमआय, एसआयपी... आकड्यांशी आपलं रोजचंच नातं. मग आज एक वेगळं गणित करून बघू या. एक पेशी घ्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असं तीस वेळा दुप्पट केलं की किती होतात? शंभर कोटींच्या वर! आणि एवढ्या पेशींची गाठ केवढी, तर साधारण एक सेंटीमीटर. मटारच्या दाण्यापेक्षा फार मोठी नाही.

खरा धक्का पुढे आहे. त्याच हिशेबाने आणखी फक्त दहा वेळा दुप्पट झाली, की वजन जातं एक किलोच्या आसपास. म्हणजे गाठ हाताला लागते तेव्हा तिचा बराचसा प्रवास उरकलेला असतो. आपण जिला ‘सुरुवात’ म्हणतो, ती तिच्या लेखी इंटर्व्हलनंतरची गोष्ट!

अर्थात शरीर म्हणजे एक्सेल शीट नव्हे. बऱ्याच पेशी मध्येच मरतात, गाठ मोठी होते तसा वाढीचा वेगही मंदावतो. दुप्पट व्हायला कुणाला काही आठवडे लागतात, तर कुणाला वर्षाहून जास्त. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायचं तर गाठीला रक्ताचा स्वतंत्र पुरवठा लागतो, असं अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. पण गाठ खरोखरच आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे ओढून घेते. एकदा ही लाइन जोडली गेली, की खाऊ आत येतो आणि पेशी बाहेरही पडू शकतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा आधी काखेतल्या गाठींमध्ये पोचतात. पुढे हाडं, फुप्फुसं, यकृत.

समजा, काहीच उपचार केले नाहीत तर? आज कुठलाही डॉक्टर असं नुसतं बघत बसणार नाही. पण लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये 1792 पासून कॅन्सरचा वेगळा वॉर्ड होता. तिथल्या 1805 ते 1933 या काळातल्या, स्तनाच्या कॅन्सरवर उपचार न झालेल्या 250 बायकांच्या नोंदी 1962 मध्ये अभ्यासल्या गेल्या. पहिलं लक्षण दिसल्यापासून निम्म्या जणी तीन वर्षंही जगल्या नव्हत्या. पाच वर्षांनंतर शंभरातल्या अठरा उरल्या, दहा वर्षांनंतर जेमतेम चार. त्या चौघींचं ऐकून ‘बघा, आपोआप थांबतो’ म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. उरलेल्या शहाण्णवांचं काय, हे मात्र ते सांगत नाहीत.

आणि आपण काय म्हणतो? ‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ ऑडिट संपू दे, ताईचं लग्न होऊ दे, दिवाळीनंतर बघू. पण स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही! न दुखणं हे सर्टिफिकेट नव्हे.

आपल्या मुंबईतलंच बघा. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. ना मॅमोग्राफी, ना महागडी मशिन्स. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या. निकाल 2021 मध्ये आले. या बायकांमधले कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडले, आणि पन्नाशीपुढच्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

तरुण वयातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, त्यामुळे लगेच गुगलवर स्वतःचं निदान करू नका. सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी, इतकंच बहुतेकदा पुरतं. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ असं सांगणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. तिला नमस्कार करा, चहा द्या आणि अपॉइंटमेंट घ्या.